पुन्हा म्हणजे नेमके काय पुन्हा?

'शब्दशंका' सदराकडे या महिन्यात आलेली बरीच पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरतात. मराठीत 'पुन्हा' किंवा 'परत' म्हटले की भागते. इंग्रजीत मात्र रिपीट, रीरन, रीप्ले, रिव्हायव्हल, रिलॅप्स असे वेगवेगळे शब्द लागतात. कुठे कोणता, हे विचारणाऱ्या पत्रांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहोत.

प्रश्न : आमच्या घरी रात्री आठला लागणारी मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी परत दाखवतात. सासूबाई 'रिपीट' म्हणतात, वर्तमानपत्रात 'रीटेलिकास्ट' असते आणि अमेरिकेतला भाचा 'रीरन' म्हणतो. बरोबर कोणता शब्द? — वाचक, दादर

उत्तर : तिन्ही बरोबर आहेत, फक्त ते तीन ठिकाणचे आहेत. 'रिपीट' हा ब्रिटिश दूरचित्रवाणीचा शब्द. तिथल्या कार्यक्रमपत्रिकेत जुन्या भागापुढे कंसात 'आर' हे अक्षर छापतात, ते याच शब्दाचे. 'रीरन' अमेरिकी आहे. नाटकाचे किंवा सिनेमाचे सलग खेळ चालतात, त्याला इंग्रजीत आधीपासूनच 'रन' म्हणत. तोच शब्द दूरचित्रवाणीने उचलला. 'रीटेलिकास्ट' ही भारतीय इंग्रजीची घडण आहे. 'टेलिकास्ट' हा शब्द इंग्लंडमध्ये फारसा वापरत नाहीत, ते 'ब्रॉडकास्ट' म्हणतात. दूरदर्शनवर 1987–88 मध्ये दाखवलेली 'रामायण' मालिका 28 मार्च 2020 पासून टाळेबंदीत पुन्हा दाखवली, तेव्हा आपल्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी सर्रास 'रीटेलिकास्ट' छापले. भारतीय वाचकासाठी लिहिताना त्यात काही चूक नाही. परदेशी वाचकासाठी लिहायचे असेल तर 'रिपीट' किंवा 'रीरन' घ्या.

या दोघांत वजनाचा थोडा फरक आहे. कालचा भाग आज दुपारी दाखवणे याला 'रिपीट' चपखल बसते. 'रीरन' म्हटले की अमेरिकी माणसाला सहसा जुन्या, संपलेल्या मालिकेचे भाग आठवतात. त्यामागे कारण आहे. अमेरिकेत सुरुवातीला बरेच कार्यक्रम थेट सादर होत आणि हवेत विरून जात. जतन करायचे तर पडद्यावरचे चित्र फिल्मवर टिपून ठेवावे लागे आणि ते अंधुक येई. 1951 मध्ये सुरू झालेली 'आय लव्ह लुसी' ही मालिका थेट 35 मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित केली गेली. त्यामुळे तिचे भाग पुन्हा दाखवण्याच्या दर्जाचे राहिले आणि पुन्हा दाखवणे हाच एक धंदा होऊन बसला. जुन्या मालिका वेगवेगळ्या शहरांतल्या केंद्रांना विकण्याच्या त्या व्यवहाराला 'सिंडिकेशन' म्हणतात. आपल्याकडे हा शब्द वर्तमानपत्री लेखांसाठी जास्त ऐकू येतो. मूळ कल्पना तीच, एकच माल अनेकांना विकायचा.

आणखी तीन शब्द याच घरातले. आठवडाभराचे भाग सलग जोडून सुट्टीच्या दिवशी दाखवले तर ब्रिटनमध्ये त्याला 'ऑम्निबस' म्हणतात. आपल्या वाहिन्यांचा 'महाएपिसोड' म्हणजे ऑम्निबस नव्हे; तो नवा असतो, फक्त लांब. भागाच्या सुरुवातीला 'मागील भागात' म्हणून जे तुकडे दाखवतात ते 'रीकॅप'. आणि एखादी वाहिनी रिपीटलाच 'एन्कोर प्रेझेंटेशन' म्हणत असेल, तर ते निव्वळ गोड नाव आहे. माल तोच.

उच्चाराबद्दलही विचारले आहे. नाम असेल तर जोर पहिल्या अक्षरावर: री-रन, री-प्ले, री-मेक, री-प्रिंट. क्रियापद असेल तर जोर पुढे सरकतो. 'रिपीट' मात्र या नियमात बसत नाही. नाम असो वा क्रियापद, जोर 'पीट'वरच.

प्रश्न : क्रिकेटमध्ये 'रीप्ले' म्हणजे तोच चेंडू पुन्हा दाखवणे. पण फुटबॉलच्या बातमीत 'द मॅच वेंट टु अ रीप्ले' असे वाचले. तिथे काय पुन्हा दाखवले? — वाचक, परळ

उत्तर : काहीच दाखवले नाही, सामनाच पुन्हा खेळला. 'प्ले' म्हणजे खेळणे आणि 'प्ले' म्हणजे फीत चालवणे, या दोन अर्थांतून 'रीप्ले'चे दोन अर्थ निघाले. इंग्लंडच्या एफए कप स्पर्धेत बरोबरी झाली की पुढे वेगळ्या तारखेला नव्याने सामना होई, तो रीप्ले. 2024–25 च्या हंगामापासून मुख्य स्पर्धेच्या पहिल्या फेरीपासून पुढचे रीप्ले बंद केले आहेत. तेव्हा हा अर्थ आता जुन्या बातम्यांत जास्त भेटेल.

'रीमॅच' वेगळा. आधीच्या सामन्याचा निकाल लागलेला असतो, तोच जोड पुन्हा समोरासमोर येतो. बरोबरी किंवा रद्द झालेल्या सामन्याची भरपाई म्हणजे रीप्ले. हरलेल्याला दुसरी संधी म्हणजे रीमॅच. कुस्तीच्या आखाड्याशी ज्यांचा संबंध आहे त्यांना हा फरक सांगावा लागणार नाही.

दाखवण्याच्या अर्थाने ब्रिटिश आणि आपण 'ॲक्शन रीप्ले' म्हणतो, अमेरिकी 'इन्स्टंट रीप्ले'. त्याची सुरुवात सहसा 7 डिसेंबर 1963 च्या आर्मी विरुद्ध नेव्ही या अमेरिकी फुटबॉल सामन्यापासून धरतात. तेव्हा प्रेक्षकांना ही गोष्ट इतकी नवी होती, की हे थेट चित्र नाही, संघाने पुन्हा गुण मिळवलेला नाही, असे निवेदकाला सांगावे लागले. 'पुन्हा घडले' आणि 'पुन्हा दाखवले' यांतला गोंधळ त्या पहिल्या दिवशीच झाला होता.

क्रिकेटमध्ये रीप्लेवरून बाद दिला गेलेला पहिला फलंदाज आपलाच: 1992 च्या नोव्हेंबरात दरबान कसोटीत सचिन तेंडुलकर धावबाद झाला, तिसऱ्या पंचाने पडद्यावर पाहून. आता लिहिताना तीन शब्द वेगळे ठेवा. पडद्यावर दिसते तो 'रीप्ले'. पंचाच्या निर्णयाचा फेरविचार मागणे म्हणजे 'रिव्ह्यू'. पायचीतच्या वेळी चेंडू पुढे यष्टीवर गेला असता की नाही हे दाखवणारी रेघ रीप्ले नव्हेच, कारण तो भाग घडलेलाच नसतो. ते 'प्रोजेक्शन' आहे, म्हणजे गणिताने काढलेला अंदाज. पुष्कळ समालोचनांत या रेघेलाही रीप्ले म्हटले जाते. लिहिताना ते टाळावे.

जाता जाता: बॅडमिंटन आणि टेनिसमध्ये पंच 'लेट' म्हणतो त्याचा उशिराशी काही संबंध नाही. अडथळा या अर्थाचा तो जुना इंग्रजी शब्द आहे. तो खेळ मोजला जात नाही, सर्व्हिस पुन्हा होते.

प्रश्न : संगीत नाटकातल्या 'वन्स मोअर'ला इंग्रजीत 'एन्कोर' म्हणतात का? आणि जुने नाटक नव्या संचात आले तर 'रिव्हायव्हल' की 'रीमेक'? — वाचक, विलेपार्ले

उत्तर : हा प्रश्न आल्याचा फार आनंद झाला, कारण 'वन्स मोअर' हा आता मराठी शब्दच आहे. आपण वन्स मोअर 'देतो', नट तो 'घेतो', पदाला वन्स मोअर 'मिळतो'. इंग्रजीत 'वन्स मोअर' हे क्रियाविशेषण आहे, त्याला देता-घेता येत नाही. इंग्रज प्रेक्षक 'एन्कोर' ओरडतो. उच्चार साधारण 'ऑङ्कोर'. शब्द फ्रेंच, पण फ्रेंच प्रेक्षक स्वतः 'बिस' ओरडतात, म्हणजे 'दोनदा'. प्रत्येकाने पुन्हा मागण्यासाठी परका शब्द निवडलेला दिसतो.

अर्थातही फरक आहे. आपला वन्स मोअर नाटक थांबवून तेच पद पुन्हा गायला लावतो. आजच्या इंग्रजी वापरात एन्कोर बहुधा मैफल संपल्यावर येतो: कलाकार आत जातो, टाळ्या थांबत नाहीत, तो परत येऊन आणखी एखादी चीज सादर करतो. ती आधी गायलेली असेलच असे नाही. म्हणून संगीत नाटकाबद्दल इंग्रजीत लिहिताना नुसते 'एन्कोर' लिहिले तर चित्र चुकते. 'द ऑडियन्स मेड हिम सिंग द साँग अगेन, थ्री टाइम्स ओव्हर' असे उघडून लिहा, किंवा 'वन्स मोअर' अवतरणात ठेवून एका ओळीत समजावून द्या.

चित्रीकरणाच्या सेटवर दिग्दर्शक 'वन मोअर' म्हणतो, ते याच्या अगदी उलट. तिथे पुन्हा करायचे कारण दाद नसून कमी असते. त्याच दिवशी, त्याच मांडणीत पुन्हा घेतला तो पुढचा 'टेक'. पाटीवर आकडा एकाने वाढतो. काही दिवसांनी सेट पुन्हा लावून, कलाकारांना पुन्हा बोलावून केले तर 'रीशूट'. 'रिटेक' आपल्याकडे दोन्हींसाठी चालतो, पण हिशेबाच्या कागदावर हा फरक पाळा. टेकला थोडा वेळ लागतो. रीशूटला जागेचे भाडे, कपडेपट, केशरचनेची जुळणी असे सगळे नव्याने उभे करावे लागते.

गाण्यातला आणखी एक शब्द 'रिप्रीज'. 'रिप्राइज' म्हणू नये. एकाच नाटकात किंवा सिनेमात आधी येऊन गेलेले गाणे पुढे वेगळ्या मनःस्थितीत, बहुधा छोटे होऊन परत येते, ते रिप्रीज. प्रत्येक कडव्यानंतर येणारे पालुपद म्हणजे 'रिफ्रेन'. दोन्ही मुद्दाम रचलेले असतात, प्रेक्षकांच्या मागणीवर अवलंबून नसतात.

आता नाटक. जुने नाटक काही वर्षांच्या खंडानंतर नव्याने बसवून आणले तर ते 'रिव्हायव्हल'. अमेरिकेच्या टोनी पुरस्कारांत रिव्हायव्हलचा स्वतंत्र गट आहे, इतका तो नाट्यव्यवसायातला पक्का शब्द आहे. 'रीमेक' नाटकाला लावू नका. नाटकाची संहिता हीच मूळ वस्तू असते आणि प्रत्येक संच ती नव्याने उभी करतो. सिनेमात मात्र फीत हीच मूळ वस्तू, म्हणून ती पुन्हा बनवणे म्हणजे रीमेक. तोच संच थोड्या विश्रांतीनंतर शिवाजी मंदिरात परत आला तर रिव्हायव्हलही नको, 'रिटर्न्स' पुरे. जाहिरातीतले 'मर्यादित प्रयोग' म्हणजे 'लिमिटेड रन'.

आणि एक कळकळीची विनंती. 'शंभरावा प्रयोग' याचे इंग्रजी 'हंड्रेड्थ परफॉर्मन्स'. भाषांतराच्या यंत्राच्या भरवशावर राहून 'एक्स्पेरिमेंट' छापू नका. प्रायोगिक रंगभूमीबद्दलच्या मजकुरात त्याने अर्थाचा अनर्थ होतो.

प्रश्न : मराठा मंदिरात वर्षानुवर्षे चाललेला सिनेमा म्हणजे रीरन की रीरिलीज? — वाचक, मुंबई सेंट्रल

उत्तर : दोन्ही नाही. 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' ऑक्टोबर 1995 मध्ये लागला आणि टाळेबंदीचा काळ सोडला तर तिथून हललेला नाही. तो अजून 'रन'मध्येच आहे. जे थांबलेच नाही त्याला 'री' लागत नाही. असा सिनेमा पुनःपुन्हा पाहायला येणाऱ्यांना व्यवसायात 'रिपीट ऑडियन्स' म्हणतात.

'रीरिलीज' म्हणजे वितरकाने जुना सिनेमा पुन्हा रीतसर प्रदर्शित करणे. 1960 चा 'मुगल-ए-आझम' 2004 च्या नोव्हेंबरात रंगीत होऊन आला, ते रीरिलीज. रीमेक नव्हे, कारण एकही दृश्य नव्याने चित्रित केले नव्हते. 'सैराट' (2016) वरून हिंदीत 'धडक' (2018) झाला, तो रीमेक. 'रिस्टोअर्ड' म्हणजे जुन्या फितीवरचे ओरखडे, डाग, उडालेले रंग दुरुस्त करून मूळ रूपाच्या जवळ नेलेला. रंगीत केलेला कृष्णधवल सिनेमा रिस्टोअर्ड म्हणवत नाही, तो मूळ रूपापासून दूर गेलेला असतो.

प्रश्न : माझ्या मुलाला पहिल्या वर्षी दोन विषयांत एटीकेटी लागली होती. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात ते कसे लिहू? 'रिपीटर' लिहिले तर वाईट दिसेल का? — वाचक, मुलुंड

उत्तर : 'रिपीटर' लिहू नका, आणि तेही वाईट दिसेल म्हणून नव्हे तर ते खरे नाही म्हणून. इंग्रजीत 'रिपीट द इयर' म्हणजे संपूर्ण वर्ष पुन्हा त्याच वर्गात बसणे. एटीकेटी म्हणजे 'अलाउड टु कीप टर्म्स': विषय राहिले, तरी पुढच्या वर्गात जाऊ दिले. हे परदेशी कारकुनाला आद्याक्षरांवरून कळणार नाही. ब्रिटनसाठी 'रीसिट', अमेरिकेसाठी 'रीटेक' वापरा: 'ही रीसॅट टू पेपर्स अँड पास्ड बोथ'. अर्जात 'बॅकलॉग्ज' किती असा रकाना असेल तर तिथे दोन हा आकडा लिहा, जरी ते विषय आता सुटले असले तरी. गुणपत्रिकेत ते दिसतेच, आणि अर्ज व कागदपत्र जुळले नाहीत तर अडचण होते.

दहावी-बारावीच्या मंडळाच्या शब्दांबद्दलही याच पत्रात विचारले आहे. गुणपडताळणी म्हणजे 'व्हेरिफिकेशन': सर्व उत्तरांना गुण दिलेत ना आणि बेरीज बरोबर आहे ना, एवढेच बघतात. उत्तर पुन्हा वाचून गुण देणे म्हणजे पुनर्मूल्यांकन, 'रीव्हॅल्युएशन'. त्यासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते. 'रीचेकिंग' हा बोलीतला शब्द दोन्हींना लावतात आणि तिथेच पालक चुकीचा अर्ज भरतात: बेरजेत चूक नसते, निबंधाचे गुण कमी वाटत असतात आणि अर्ज पडताळणीचा गेलेला असतो. उत्तीर्ण विद्यार्थ्याने गुण वाढवण्यासाठी पुन्हा बसणे म्हणजे श्रेणीसुधार, 'इम्प्रूव्हमेंट'. तो रीसिट आहे, पण नापासाचा नव्हे. इंग्रजीत लिहिताना 'टु इम्प्रूव्ह द ग्रेड' हे तीन-चार शब्द जरूर जोडा.

प्रश्न : वडिलांना दोन महिन्यांत दुसऱ्यांदा मलेरिया झाला. डॉक्टर 'रिलॅप्स' म्हणाले, अहवालावर आधी 'रिकरन्स' होते. दोन्ही एकच ना? — वाचक, वरळी

उत्तर : एकच नव्हे, आणि हा फरक औषधापर्यंत पोचतो, म्हणून नीट सांगतो. 'रिकरन्स' हा मोकळा शब्द: आजार परत दिसला, कारण अजून सांगितलेले नाही. मलेरियात कारणे तीन असू शकतात आणि इंग्रजीत तिघांना तीन शब्द आहेत.

व्हायव्हॅक्स प्रकारच्या मलेरियाचे जंतू यकृतात सुप्त अवस्थेत लपून राहू शकतात. रक्तातले जंतू औषधाने मेले, ताप गेला. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी यकृतातले जागे झाले आणि ताप परत आला. हा 'रिलॅप्स'. रक्तातल्या जंतूंवरचे औषध या लपलेल्यांपर्यंत पोचत नाही, म्हणून व्हायव्हॅक्सला प्रायमाक्विनसारखी वेगळी गोळी देतात. आपल्याकडे ती साधारण 14 दिवसांची असते. ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतो, मग रुग्ण ही गोळी मध्येच सोडतो, आणि रिलॅप्स येतो. काही व्यक्तींना या गोळीने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो, त्यासाठी जी-सिक्स-पी-डी ही तपासणी असते. तेव्हा गोळी स्वतःच्या मनाने घेऊही नये आणि सोडूही नये.

फाल्सिपॅरम या मलेरियाच्या दुसऱ्या प्रकारात अशी यकृतातली सुप्त अवस्था नसते. तिथे ताप परत आला तर एक शक्यता अशी, की रक्तातलेच जंतू पूर्ण गेले नव्हते, थोडे उरले आणि पुन्हा वाढले. हा 'रिक्रुडेसन्स'. आणि तिसरे, पूर्ण बऱ्या झालेल्या माणसाला नवा डास चावला, तर 'रीइन्फेक्शन'. पावसाळ्यात बांधकामांच्या आसपास राहणाऱ्यांच्या बाबतीत ही शक्यता कायम लक्षात ठेवावी लागते. तुमच्या वडिलांच्या दोन्ही वेळच्या रक्ततपासणीत प्रकार कोणता लिहिला आहे ते पाहा आणि दोन्ही कागद डॉक्टरांसमोर एकत्र ठेवा.

चिठ्ठीवरचा 'रिपीट' मात्र आजाराबद्दल नसतो. औषधांच्या नावांखाली असेल तर तीच औषधे पुढे चालू ठेवा, तपासणीपुढे असेल तर ती तपासणी पुन्हा करा.

प्रश्न : माझ्या पुस्तकाच्या पाचशे प्रती संपल्या, पुन्हा पाचशे काढतो आहे. 'सेकंड एडिशन' छापू का? — वाचक, गिरगाव

उत्तर : मजकुरात बदल नसेल तर नको. तेच पान जसेच्या तसे छापले तर 'रीप्रिंट', मराठीत पुनर्मुद्रण. मजकूर सुधारला, प्रकरण घातले किंवा गाळले, तर 'एडिशन', आवृत्ती. आपल्याकडे प्रत्येक छपाईला आवृत्ती म्हणायची पद्धत आहे, तिने पुढच्या अभ्यासकाची पंचाईत होते: तिसऱ्या आणि सातव्या आवृत्तीत फरक आहे की नाही, हे दोन्ही समोर ठेवल्याशिवाय कळत नाही. पुनर्मुद्रणाला जुनाच आयएसबीएन क्रमांक चालतो, नव्या आवृत्तीला नवा घ्यावा लागतो. चार-दोन मुद्रणदोष सुधारले तर ते पुनर्मुद्रणच; 'दुरुस्तीसह पुनर्मुद्रण' असे लिहा आणि साल छापायला विसरू नका.

प्रश्न : पासपोर्टची मुदत संपत आली. 'रिन्यूअल'चा रकाना सापडत नाही. — वाचक, बोरिवली

उत्तर : 'री-इश्यू' निवडा. मुदत संपली, पाने संपली, पत्ता बदलला, पुस्तिका हरवली, या सगळ्यांत आपल्याकडे नवी पुस्तिका देतात, जुनीची मुदत वाढवत नाहीत. 'फ्रेश' फक्त पहिल्या पासपोर्टसाठी. वाहन परवान्याला मात्र 'रिन्यूअल' हाच शब्द आहे, आणि हरवला तर 'डुप्लिकेट'.

प्रश्न : 'रिकर' आणि 'रीऑकर', 'बायॲन्युअल' आणि 'बायेनियल' यांत नेहमी घोटाळा होतो. 'रिपीट अगेन' चालते का? — वाचक, घाटकोपर

उत्तर : पुनःपुन्हा, बहुधा ठरावीक अंतराने होते ते 'रिकर', पोस्टातले 'रिकरिंग डिपॉझिट' आठवा, दर महिन्याला हप्ता. एकदा घडलेले आणखी एकदा घडले तर 'रीऑकर'. वर्षातून दोनदा ते बायॲन्युअल, दोन वर्षांतून एकदा ते बायेनियल. कोचीचे बिएनाले हे कलाप्रदर्शन दर दोन वर्षांनी योजलेले, हे लक्षात ठेवले की पुरे. सभेच्या सूचनेत दोन्ही शब्द टाळून 'ट्वाइस अ इयर' किंवा 'एव्हरी टू इयर्स' लिहिणेच बरे, कारण वाचणारेही गोंधळतात.

'रिपीट अगेन' बहुतेक वेळा जास्तीचे असते. एकदा पुन्हा सांगून झाले आणि तिसऱ्यांदा सांगायचे असेल, तेव्हाच ते बरोबर ठरते.